कोरड्या पायाची

हे माहीत असलेला दुसरा माणूस म्हणजे चाँदभाई, आमच्या दुरुस्ती पथकाच्या गाडीचा ड्रायव्हर. तो गेला. तेव्हापासून हे एकट्या माझ्यापाशी आहे. बायकोला सांगितलं नाही. मुलीला तर नाहीच. कधी देवापुढं हात जोडले तेव्हाही अर्धंच वाक्य मनात आणलं आणि पुढचं गिळलं. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून तुम्हाला सांगता येईल असं वाटतंय. बघू, किती सांगता येतं.

मी हापशाचा मेकॅनिक. कागदावर माझ्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, पण वाशी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर मला 'हापशाचे मिस्त्री' म्हणूनच ओळखतात. हापसा म्हणजे दांडा वरखाली करून बोअरमधलं पाणी काढायचा पंप, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण वर दिसतो तो नुसता दांडा आणि नळी. खरा हापसा जमिनीच्या पोटात असतो. दहा-दहा फुटी लोखंडी पाईप एकाला एक जोडून खाली सोडलेले, त्यांच्या आत सळया, आणि सगळ्यात तळाला, पाण्यात बुडालेलं, सिलिंडर. त्या सिलिंडरमध्ये वाटीएवढे वायसर असतात. वायसर झिजले की दांडा नुसता हालतो, बायका हापसून हापसून खांद्यातून जातात, तेव्हा कुठं एक कळशी भरते. नवे वायसर टाकले की झालं. एवढीशी वस्तू. ती वेळेवर मिळाली तर एक वस्ती काही वर्षं बिनघोर पाणी पिते. नाही मिळाली तर —

आमच्याकडं ती बहुतेक वेळा मिळायची नाही. मागणी लिहायची, वाट बघायची, परत लिहायची. मी मेकॅनिक होतो खरा, पण माझं निम्मं आयुष्य लोकांना 'सामान आलं की येतो' हे सांगण्यात गेलं. ऐकणाऱ्यालाही ठाऊक असायचं, मलाही ठाऊक असायचं. पण हे मी स्वतःचा बचाव म्हणून सांगत नाही. सांगितलंच पाहिजे म्हणून सांगतोय. नाहीतर पाईप कशाला काढले ते तुम्हाला कळायचं नाही.

हं, पाईप. मी एका वस्तीच्या हापशाचे पाईप काढून नेले. आता तुम्हाला वाटेल, ही त्याची कबुली. नाही हो. ती तर मी उभ्यानं दिली असती.

तेव्हा मी रोजंदारीवर होतो. कायम करायच्या यादीत माझं नाव होतं आणि ती यादी आमच्या साहेबांच्या टेबलावर होती. उन्हाळ्याचे दिवस. सकाळी साहेब म्हणाले, उद्या मोठ्या साहेबांचा दौरा आहे, रस्त्यावरच्या त्या मोठ्या गावात शाळेसमोरचा हापसा आज चालू झाला पाहिजे. मी म्हणालो, त्याचे पाईप सडलेत, स्टोअरला एक पाईप शिल्लक नाही. साहेब म्हणाले, "कुठनंतरी काढा की. कोरडे बोअर कमी हायत का आपल्याकडं?"

नियम तसा होताच. बोअर कायमचा कोरडा पडला तर पाच पंचांच्या सह्यांनिशी पंचनामा करायचा, 'कोरडा' असा शेरा मारायचा, आणि आतलं सामान काढून दुसरीकडं वापरायचं. आम्ही निघालो. यादीतले दोन कोरडे बोअर बघितले. दोन्हींचं सामान आमच्या आधीच कुणीतरी नेलं होतं. नुसती तोंडं उघडी.

वाटेत तेरखेड्याच्या रस्त्याला आत एक वस्ती होती. सात-आठ घरं, सगळी मेंढरंवाली. त्यांच्या हापशाची तक्रार महिनाभर माझ्या खिशात होती — 'दांडा हलका झाला, पाणी कमी येते.' म्हणजे वायसर. आणि त्या दिवशी, नवल म्हणजे, वायसर माझ्या पिशवीत होते. म्हटलं, जाता जाता एवढं तरी करून टाकू.

वस्तीवर गडीमाणूस कुणी नव्हतं. सगळे मेंढरं घेऊन खाली नदीकाठाला गेलेले. बाया, लेकरं आणि कुत्री. बायडाबाई नावाची एक मावशी होती, वस्तीवर तिचाच शब्द चालायचा. ती पुढं आली.

"आलं बाबा आमचं नवरदेव! एक म्हैना झाला, हळद वाळून गेली आमची."

बाया हसल्या. मीही हसलो. हापशाकडं बघितलं तर दांड्याला, नळीला ताजं हळदकुंकू. मी विचारलं, हे काय मावशी? तर म्हणाली, तीन दिवसांपूर्वी तिच्या लेकाचं लग्न झालं. नवी सून घरात आली की तिनं आधी पाणी पुजायचं, पहिली घागर भरायची, मग चुलीला हात लावायचा — अशी त्यांची रीत. आधी विहिरीवर पुजायच्या, आता हापशावर. लेक लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळपामागं निघून गेला होता. सून मागं उभी होती. अठरा-एकोणीसची. हातभर हिरवा चुडा.

आम्ही घोडी, म्हणजे पाईप ओढायची तिपाई, उभी केली आणि पाईप ओढायला लागलो. दोघांनी ओढण्यासारखं काम नाही ते. बायांनी पदर खोचले आणि दोराला हात लावला. नव्या नवरीनंही लावला. सासू म्हणाली, "अगं बांगड्या फुटतील." तर ही म्हणाली, "फुटू द्या, पानी तर येईल." पहिला पाईप वर आला. मी जोड सोडला आणि आतलं पाणी भसकन माझ्या अंगावर. बाया परत हसल्या. दुसऱ्याला तेच, तिसऱ्याला तेच. मी नखशिखांत भिजलो.

दहा पाईप आले. ओट्याला टेकवून उभे केले. चाँदभाई एकेकावरनं हात फिरवत होता. म्हणाला, "मिस्त्री, ये तो एकदम नवे दिख रहे. सिलिंडर बी मस्त है."

बस. एवढंच बोलला तो. त्यानं काही सुचवलं नाही. त्याच्या माथी मी काही मारणार नाही. त्यानं बघितलं ते सांगितलं. मीही बघितलं होतं. ऊन चढत होतं, मोठं गाव तिथून अर्ध्या तासावर होतं, माझ्या पिशवीत वायसर होते. तासाभराचं काम. वायसर बदलायचे, पाईप परत सोडायचे, एक कळशी भरून द्यायची आणि निघायचं. इतकं सरळ काम माझ्या नोकरीत फार थोड्या वेळा आलं.

मी दोरी खाली सोडली, पाण्याचा अंदाज घेतल्यासारखी. पाणी होतं. भरपूर होतं. दोरी वर ओढली, तिचा ओला भाग मुठीत गुंडाळला आणि म्हणालो —

"मावशी, पाणी गेलं खाली. बोअर आटला."

भिजलेल्या अंगानं म्हणालो. केसातनं पाणी निथळत होतं माझ्या.

तुम्ही म्हणाल, कुणी कसं काय विश्वास ठेवला? अहो, मेकॅनिकनं सांगितलं म्हणजे झालं. डॉक्टरनं नाडी बघून मान हलवली तर तुम्ही परत नाडी बघता का? बायांतल्या एकीनं तोंडाला पदर लावला. मी कागद काढला आणि पंचनामा लिहायला बसलो. मनात म्हणत होतो — आठ दिवस. नवीन पाईप आले की पहिले इथं. शप्पथ घेतली होती मी, खरंच. मनातल्या मनात.

पंच पाच लागतात. मोठ्या बाया तिथं पाचच होत्या, नव्या नवरीला धरून. चौघींनी अंगठे दिले. ती सातवी शिकलेली, तिनं पेन घेतलं. आणि सही करायच्या आधी ती ओट्याला टेकवलेल्या पाईपांकडं बघत म्हणाली,

"मग ह्यो पाईप वला कसा?"

तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल मला खरा प्रश्न एकाच माणसानं विचारला. साहेबांनी नाही, तपासणीवाल्यांनी नाही. हिनं.

मी म्हणालो, "पायपात ऱ्हायलेलं पाणी हाय बाई ते. शेवटचं."

ती तरी बघतच राहिली. पाण्याचा थेंब पाईपाच्या तोंडाशी लोंबत होता, त्याच्याकडं. बायडाबाई खेकसली, "साहेबापरीस तुला जास्ती कळतंय व्हय? कर गं सही. नव्या नवरीनं लई बोलू न्हाय." तिनं सही केली. लग्नानंतरचं नाव पहिल्यांदा लिहीत असावी — मधेच थांबली, नवऱ्याचं नाव आठवल्यासारखं केलं, मग लिहिलं.

आणि मग पलीकडच्या घरातली एक बाई बोलली. फार मोठ्यानं नाही. "तीन दिस झालं न्हाईत कुकू लावून. काय पायगुन म्हनायचा ह्यो."

पायगुण. नव्या सुनेचं पाऊल घरात पडलं आणि पुढं जे होईल ते तिच्या पायाचं — हे मी काय सांगू, तुमच्याही घरात हा शब्द कधी ना कधी निघालाच असेल.

मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. पाईप गाडीवर चढवत होतो. हात थांबला का माझा? नाही थांबला. एवढंच म्हणायचं होतं — 'अहो, तसं काही नसतं.' खरं न सांगता एवढं तरी म्हणता आलं असतं ना? तेही म्हणालो नाही. मला भीती वाटली, एक शब्द बोललो तर पुढचे सगळे बाहेर पडतील.

आणखी एक केलं. गाडीत ओट्याच्या कामाचं थोडं सिमेंट होतं. बोअरच्या तोंडावर मी एक फरशी ठेवली आणि कडेनं सिमेंट भरलं. बायांना म्हणालो, लेकरं हात-पाय घालतील, जिवाला धोका. खरं म्हणजे कुणी आत खडा टाकून बघू नये म्हणून. खडा टाकला असता तर आवाज आला असता.

शाळेसमोरचा हापसा संध्याकाळच्या आत चालू झाला. दुसऱ्या दिवशी दौरा आला, गाड्या थांबल्या नाहीत, तशाच पुढं गेल्या. काही महिन्यांनी मी कायम झालो. हे दोन्ही जोडून सांगायचं की नाही, मला ठरवता येत नाही. साहेब तसे बोलले नव्हते कधी. मीच मनात जोडलं होतं.

आठ दिवसांचे तीन महिने झाले. पाईप आले तेव्हा मी त्या वस्तीचं नाव लिहून स्टोअरला गेलो. तिथल्या कारकुनानं रजिस्टर फिरवून माझ्यापुढं ठेवलं. "मिस्त्री, हा तर कोरडा. तुमचाच शेरा. कोरड्याला सामान कसं देऊ?" बरोबर होतं त्याचं. कोरडा लिहिलेला बोअर दुरुस्तीच्या यादीतून कायमचा जातो. त्याला परत यादीत आणायचं तर एकच वाट — आधीचा पंचनामा खोटा होता असं लिहून द्यायचं. कुणी? मी. मी रजिस्टर मिटलं. म्हणालो, चुकून लिहिलं नाव, दुसरी वस्ती होती.

वस्तीला टँकर मिळाला नाही. सात-आठ घरांसाठी टँकर येत नाही. दीड मैलावर एका शेतात विहीर होती, तिथून पाणी आणायचं. मला आठवडी बाजारात बायडाबाई भेटायची. मी वाट बदलायचो, तरी गाठायचीच. कशी हाय मावशी, विचारलं की म्हणायची, "कसली बाबा. पानी न्यायला आन पानी आनायला आमच्या घरात एकच हाय." मला आधी कळलं नाही. मग कळलं. जिच्या पायानं पाणी गेलं तिनंच ते आणायचं, असं वस्तीनं ठरवून टाकलं होतं. नुसतं स्वतःच्या घरचं नाही. अडल्यानडल्या घरचंही. बाळंतीण असली, म्हातारं असलं, की हिला हाक. हाक तरी काय — तिला नाव राहिलं नव्हतं. 'कोरड्या पायाची' म्हणायचे. ए कोरड्या पायाची, दोन घागरी टाक गं.

तो शब्द कुठून आला, बघितलंत ना? पंचनाम्यातून. बायडाबाईनं विचारलं होतं, कागदावर काय लिव्हलंय वाचून दावा. मी वाचून दाखवलं होतं — कोरडा.

एकदा, दुसऱ्याच कामाला जाताना, गाडीतनं ती दिसली. डोक्यावर दोन घागरी, कडेवर एक कळशी, पाणी हिंदकळून अंगावर येत होतं. पाय घोट्यापर्यंत चिखलानं ओले. चाँदभाईनं गाडी हळू केली. माझ्याकडं न बघता म्हणाला, "मिस्त्री, उस पोट्टी का सच बोल डालो जी किसी कू. मेरे कू नींद नै आती." मी खिडकीबाहेर बघत होतो. म्हणालो, बघू. चाँदभाई पुढं कैक वर्षं माझ्यासोबत होता, पण हा विषय त्यानं परत काढला नाही. माझ्याकडं बघायचा मात्र वेगळं.

आता खरी गोष्ट येते. इथपर्यंत सांगितलं ते — लाज वाटते, पण सांगता येतं. पुढचं मला अजून जड जातंय.

नऊ-दहा वर्षांनी त्या वस्तीला नवीन बोअर मंजूर झाला. मशीनची गाडी आली. मी पण गेलो, पाणी लागलं तर हापसा बसवायचा होता. सगळी वस्ती जमलेली, या खेपेला गडीमाणसंही होती. नारळ, लिंबू, हळदकुंकू. मी तिला शोधत होतो गर्दीत. दिसली नाही. मग लक्ष गेलं — बायडाबाईच्या घराचं दार बंद, बाहेरून कडी. मी विचारलं नाही. एका म्हाताऱ्यानं आपणहून सांगितलं, "तिला आत ठिवलीया. तिची नजर बी नगं, पाय बी नगं. आधी पानी लागू द्या."

दुपारी पाणी लागलं. पांढरा फवारा उंच गेला, पोरं नाचली, कुणीतरी तेरखेड्याहून फटाके आणून ठेवले होते, ते लावले. आणि त्या गोंधळात एकच वाक्य या तोंडातून त्या तोंडात फिरत होतं — बघितलं का, कोंडली म्हणून लागलं.

कळतंय ना तुम्हाला काय झालं ते? माझ्या खोट्याला त्या दिवशी पुरावा मिळाला. तोवर निदान कुणाच्या मनात थोडी शंका असेल, कुणी म्हणत असेल, उगंच बिचारीला. त्या दुपारनंतर कुणाच्याच मनात शंका राहिली नाही. आणि तिथं, त्या क्षणी, सगळी वस्ती एका जागी उभी असताना, मी तिथं होतो. हातात पहार होती. जुना बोअर वीस पावलांवर होता. फरशी उचलायची, एक खडा टाकायचा. बोलायचीही गरज नव्हती हो! त्या खड्यानंच सांगितलं असतं.

मी कायम झालो होतो तेव्हा. यादी नव्हती, साहेब बदलून गेले होते. माझं काय गेलं असतं? थोडी चौकशी. चार शिव्या. फार तर लोकांनी धक्काबुक्की केली असती. मी हे सगळं मोजलं, तिथं उभं राहून मोजलं, आणि मग वाकून पाईप जोडायला लागलो.

हापसा उभा राहिला, पूजा झाली, तेव्हा कुणीतरी जाऊन कडी काढली. ती बाहेर आली. डोळे रडलेले वगैरे नव्हते. सरळ चुलीकडं गेली आणि सगळ्यांचा चहा टाकला. चहाला पाणी मात्र नव्या हापशाचं घेतलं नाही. सकाळी दीड मैलावरून आणलेलं होतं, ते घेतलं. मला कप दिला तेव्हा हळूच म्हणाली, "लागलं ते लई बरं झालं, साहेब. आता दांडा तरी नीट चालंल का?"

चालंल, म्हणालो. चहा प्यालो.

तो बोअर काही वर्षांनी खरोखर आटला. आमच्याकडं खोल गेलेले बोअर असेच जातात, एकामागून एक. मग घरोघरी नळाची योजना आली. वस्तीवरही नळ आले, प्रत्येक दारात एक. थोडे दिवस पाणी आलं. मग विहिरीवरची मोटार जळाली, मग वीज तोडली, मग कुठं पाईप फुटला ते सापडेना. वस्ती शेवटच्या टोकाला, आलं तरी तिथं धार पोचत नव्हती. आता त्या नळांना बाया दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतात. मी सगळीकडं जातो, बघतो, लिहितो, वर पाठवतो. वरून येतं — पुन्हा बघून कळवा. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत. माझ्या हातून या तालुक्यात किती पाणी चालू राहिलं आणि किती नुसतं कागदावर चालू राहिलं, याचा विचार मी करत नाही. केला तर उठवत नाही.

मागच्या उन्हाळ्यात हुकूम आला : नळ बंद आहेत तिथले जुने, सोडून दिलेले बोअर तपासा, पाणी असेल तर परत वापरात घेऊ. यादी माझ्या हातात आली. त्यात तो फरशीखालचा जुना बोअर होता. शेरा माझ्याच अक्षरात.

मी एकटाच मोटारसायकलवर गेलो. वस्तीवर आता चारच घरं. बायडाबाई वारली. तिची सून दारात शेळीला पाला टाकत होती. केस पांढरे झालेत, वय काही तसं नाही. एक मुलगी झाली होती, ती मुरुमकडं दिली — म्हणाली, लांबच दिली मुद्दाम. मुद्दाम का, ते ती बोलली नाही, मी विचारलं नाही. आईला काय म्हणतात ते पोचू नये इतकं लांब, एवढं मला कळलं.

मी म्हणालो, जुना बोअर बघायचाय. फरशीच्या कडेला पहार लावली. सिमेंट माझंच, घट्ट बसलं होतं. मला वाटत होतं, आता ती जवळ येईल. उभी राहील. आज ती ऐकेल. मी नाही सांगू शकलो तर आवाज सांगेल — असं ठरवूनच गेलो होतो मी, खरंच सांगतो.

फरशी हालली तशी ती उठली.

"थांबा साहेब," म्हणाली. "म्या लांब जाते, मग बघा."

मला आधी समजलं नाही. तिनं पदर सावरला आणि चालायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं तिला, वस्तीवर दुसरं माणूसही नव्हतं त्या वेळी. शेळी सोडून ती पार लांबच्या एका बाभळीपलीकडं गेली आणि माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. तिची नजर पडू नये म्हणून.

ही तीच. 'मग ह्यो पाईप वला कसा?' विचारणारी.

मी खडा टाकला. मोजायलाही लागलं नाही. डुबुक. स्वच्छ, भरलेला आवाज. एवढी वर्षं ते तिथंच होतं, वीस पावलांवर.

तिनं तिकडूनच विचारलं, मागं न वळता, "लागलं का पानी?"

"हाय," मी म्हणालो.

"तरी म्हनलंच," ती म्हणाली. आवाजात आनंद होता हो. खरा आनंद. "म्या लांब गेले ते बरं झालं."

मी तोंड उघडलं होतं. ओठ हालले होते माझे. आणि मी म्हणालो — "फोटो काढतो. तिथंच थांबा."

आता सह्या लागत नाहीत, फोटो पाठवावा लागतो. फोटोत मधोमध बोअरचं उघडं तोंड आहे, फुटलेलं सिमेंट आहे, पहार आहे. मागं बाभूळ. बाभळीपलीकडं पाठमोरी बाई. कचेरीत साहेबांनी मोबाईलवर तो बोटांनी मोठा करून बघितला. नवीन पोरगेलेसे साहेब आहेत, सगळं बारीक बघतात. म्हणाले, "ही कोण आहे?"

मी म्हणालो, "कुणी न्हाय साहेब. वस्तीवरली हाय एक."

पंचनामा अजून फाईलला आहे. चार अंगठे, आणि खाली वळणदार अक्षरात पाचवी सही. सुनंदा.